चवीपुरता मासा : अँचोव्हीचा स्वयंपाकातील वापर

प्रस्तावना

कोकणात वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे घालतात. भाजी वांग्याचीच राहते, सोडे फक्त तिची चव वाढवतात. इटली, जपान आणि कोरिया येथील रोजच्या स्वयंपाकात हेच काम अँचोव्ही हा लहान समुद्री मासा करतो. आपल्याकडची मांदेली याच कुळातली, पण ती बहुधा तळून खातात. अँचोव्ही टिकवण्याची पद्धत बदलली की तिची चव कशी बदलते, हे या पाठात पाहू.

चवीमागील रसायन

गोड, आंबट, खारट आणि कडू यांखेरीज उमामी ही पाचवी मूळ चव मानली जाते. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले व या चवीला नाव दिले. १९१३ साली शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशातील इनोसिनेट हा दुसरा घटक दाखवून दिला. दोन्ही एकत्र आले की उमामी चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते.

टिकवण्याच्या दोन पद्धती

१. मिठात मुरवणे (इटली) : डोके व आतडी काढून मासे आणि मीठ यांचे थर पिंपात रचतात, वर वजन ठेवतात आणि काही महिने मुरू देतात. मिठामुळे मासा सडत नाही, पण त्यातील विकरे सावकाश प्रथिने तोडत राहतात आणि ग्लुटामेट मोकळे होते. मांस लालसर तपकिरी होते. इनोसिनेट मात्र या काळात बरेचसे नाहीसे होते. चेतारा या गावात पिंपातून झिरपणारा रसही ‘कोलातुरा’ म्हणून वापरतात.

२. उकडून सुकवणे (जपान, कोरिया) : मासे मिठाच्या पाण्यात उकडून वाळवतात. उष्णतेने विकरे निकामी होतात आणि इनोसिनेट टिकून राहते. म्हणून या माशांच्या पाण्यात अनेकदा कोंबूही घालतात. एकात जे कमी, ते दुसरा पुरवतो.

वापरण्याची रीत

मुरवलेली अँचोव्ही : चौघांच्या पास्त्याला ३-४ तुकडे पुरतात. नुसत्या मिठातली असेल तर आधी धुऊन काटा काढावा. मंद आचेवर तेलात चमच्याने दाबत राहिल्यास २-३ मिनिटांत ती विरघळते. मग लसूण आणि त्यावर टोमॅटो किंवा पालेभाजी घालावी. आच मोठी झाली तर ती करपून कडू होते. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे.

सुकवलेली अँचोव्ही : डोके व काळसर पोट काढावे, नाहीतर पाणी कडवट होते. कोरड्या भांड्यात किंचित भाजून कोंबूसह १०-१५ मिनिटे उकळावी व पाणी गाळून घ्यावे. कोरियात या पाण्यात सोयाबीनची आंबवलेली पेस्ट व भाज्या घालून सार करतात.

घ्यावयाची दक्षता

• मासा उबेत राहिला तर जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून उघडलेली बाटली फ्रिजमध्ये व तुकडे तेलात बुडालेले ठेवावेत.
• मुरवलेल्या अँचोव्हीत मीठ भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी बेताने वापरावी.
• वूस्टरशायर सॉसच्या मूळ कृतीत अँचोव्ही असते. शाकाहारी व्यक्तीला किंवा माशाची अ‍ॅलर्जी असलेल्याला वाढण्यापूर्वी बाटलीवरील घटकांची यादी आणि शाकाहाराची हिरवी खूण पाहावी.

सारांश

मुरवलेल्या अँचोव्हीतून मुख्यतः ग्लुटामेट मिळते, उकडून सुकवलेल्या अँचोव्हीतून इनोसिनेट. पहिली तेलात विरघळवायची, दुसरी पाण्यात उकळायची.

स्वाध्याय

१. मिठात मुरवताना इनोसिनेट कमी होते, पण उकडून सुकवताना टिकते. कारण सांगा.
२. टोमॅटोच्या रश्श्याचे दोन भाग करा. एकात विरघळवलेली अँचोव्ही घाला, दुसऱ्यात फक्त मीठ घालून खारटपणा सारखा करा. चवीत उरलेला फरक कशाचा आहे, ते लिहा.