कठीण अभ्यास, सोपा दाखला

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या पालकांना एकच धास्ती होती: आता आपण बेकायदा ठरणार का? पुढची काही वर्षं चर्चा याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत एक याचिकाही गेली. खरं तर हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरता आहे. मूल नववी-दहावीच्या वयाला पोचलं की त्याच्यापुरता हा वाद संपतो आणि दुसरेच प्रश्न उभे राहतात. चौदा ते अठरा या वर्षांत त्याने काय शिकायचं, किती अवघड शिकायचं आणि ते शिकल्याची साक्ष कोण देणार? गेल्या दीड दशकात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी झाली, तिसऱ्याचं मात्र तितकं झालं नाही. घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत या काळात जी ओढाताण झाली, तिचं मूळ या तिन्ही प्रश्नांना एकाच अभ्यासक्रमातून उत्तर मिळवण्याच्या हट्टात आहे, असं मला वाटतं.

पूर्वी निवडीला वावच नव्हता. शाळा सुटलेल्याने सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बोर्डाचीच पुस्तकं वाचायची आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. दुसरी वाट मुक्त विद्यालयाची. १९७९मध्ये सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, १९८९मध्ये स्वतंत्र संस्था झालं आणि २००२पासून एनआयओएस या नावाने ओळखलं जाऊ लागलं. या दोन्ही वाटा शिक्षण तुटलेल्यांसाठी आखलेल्या होत्या. ज्याला वर्गापेक्षा पुढे धावायचं आहे अशा मुलाचा विचार त्यांत नव्हता. मग चित्र पालटलं, आणि ते शिक्षणखात्याच्या कुठल्या निर्णयाने नव्हे. एमआयटीने २००१मध्ये आपलं अभ्याससाहित्य खुलं करण्याचं जाहीर केलं, २००३मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल प्रकल्प आला, पुढे खान अकॅडमी आली, २०१२मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्यानं सोलापुरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला फुकट ऐकता येऊ लागली. चांगला शिक्षक कुठून आणायचा ही अडचण, निदान गणित आणि संगणकापुरती, मिटलीच.

या सुबत्तेला पालकांनी दिलेला प्रतिसाद मात्र चमत्कारिक होता. साधनं मोकळी झाली तशी भारदस्त अभ्यासक्रमाची ओढ वाढली. पुण्या-मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी केंब्रिजच्या दहावीच्या तोडीच्या आयजीसीएसई आणि पुढच्या, बारावीच्या तोडीच्या ए लेव्हलला पसंती दिली. त्याला कारणंही होती: अभ्यासक्रम आखीव, जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळणाऱ्या, परदेशात मान आणि शाळेत नाव नसतानाही परीक्षेला बसण्याची सोय. पण ही सोय शास्त्र विषयांत अर्धवट निघते. आयजीसीएसईला प्रयोगाऐवजी लेखी पर्यायी पेपर देता येतो. ए लेव्हलच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला मात्र प्रत्यक्ष प्रयोगशाळेत बसून प्रात्यक्षिक द्यावंच लागतं, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला आपली प्रयोगशाळा वापरू देणारं केंद्र सहज सापडत नाही. परिणामी विषयांची निवड मुलाच्या कलावर न होता केंद्राच्या मर्जीवर होऊ लागली. गणित आणि अर्थशास्त्राला प्रात्यक्षिक नाही, म्हणून तेच घ्यायचं. रसायनात रमणाऱ्याने मन मारायचं. वेळापत्रक, पोर्शन, टक्केवारी, उसनी घ्यावी लागणारी प्रयोगशाळा: ज्या शाळेतून मूल बाहेर पडलं, तीच घरात परत आली, तीही फी वाढवून.

२०१६मध्ये मुंबईची एक मुलगी एमआयटीत दाखल झाली आणि देशभर गाजली. सातवीनंतर शाळा सोडलेली, हाती दहावीचा निकाल नाही की बारावीचा. या घटनेतून अनेकांनी असा अर्थ काढला की प्रमाणपत्राची मातब्बरी संपली. तपशील वेगळंच सांगतो. तिच्याकडे संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती. कुठल्याही बोर्डाच्या परीक्षेहून कितीतरी कठोर अशी ती परीक्षा. म्हणजे साक्ष होतीच, फक्त तिच्यावर इयत्तेचा शिक्का नव्हता. आणि आयआयटीचं दार तरीही बंदच राहिलं, कारण तिथे बारावी लागते. भारतात तिला जागा दिली ती चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने. या एकाच उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. खोलवर शिकल्याची साक्ष बोर्डाबाहेर मिळू शकते, आणि दारावरचा पहारेकरी तरीही बोर्डाचाच कागद मागतो. एकाच अभ्यासक्रमाकडून ही दोन्ही कामं करून घेण्याची गरज नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, दाखल्यासाठी सर्वांत हलकी वाट धरावी आणि कठीण अभ्यास तिच्याबाहेर ठेवावा. हलकी वाट म्हणजे बहुतेकांसाठी एनआयओएस. किमान पाच विषय, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के गुण, एकदा नोंदणी केली की पाच वर्षं मुदत आणि त्या मुदतीत नऊ संधी. एकेक विषय सुटा करून संपवता येतो. पूर्वी या वाटेची कुचेष्टा व्हायची, पण या काळात तिच्या दाखल्याचं मोल वाढत गेलं आहे. जेईईला तो पाच विषयांसह चालतो. वैद्यकीय प्रवेशासाठी १९९७च्या नियमाने मुक्त विद्यालयाच्या मुलांना रोखून धरलं होतं. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि बरीच वर्षं चाललेली ती लढाई २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुलांच्या बाजूने संपली. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाला सीयूईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा आली आणि बारावीचे टक्के बऱ्याच ठिकाणी केवळ पात्रतेपुरते उरले. दिल्ली विद्यापीठात अमुक महाविद्यालयासाठी ९९ टक्के, तमुकसाठी शंभर, हा तमाशा त्याआधीचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे तर दुहेरी ओझं झालं. दाखल्याची परीक्षा द्यायची आणि वर कठीण अभ्यासही करायचा. पण ए लेव्हल आणि जेईई, किंवा बोर्ड आणि क्लास, अशी जोडगाडी ओढणारी मुलं आज तेच करत आहेत, फक्त दोन्ही बाजूंना वजन जड ठेवून. ज्याने चौदाव्या वर्षापासून विषय एकेक करून वाटून घेतले, त्याला वर्षातले कित्येक महिने मोकळे मिळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आयआयटीला प्रवेश घ्यायचा तर बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. कोविडच्या काळात शिथिल केलेली ही अट २०२३मध्ये परत आली. अशा मुलाला ‘नुसतं पास हो’ म्हणून चालणार नाही, हे मान्य. पण त्यासाठी लागते ती नेमक्या अपेक्षित उत्तरांची तयारी, आणि त्या तयारीला प्रगत अभ्यास समजण्याची चूक करू नये.

कठीण अभ्यासाची साक्ष मिळण्याच्या जागाही या काळात वाढल्या. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमाला वयाची वा इयत्तेची अडचण न येता नाव नोंदवता येतं; शिकणं फुकट, आणि सुमारे हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते. आयआयटी मद्रासने २०२०मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला जेईई लागत नाही. चार आठवडे त्यांचाच अभ्यास करायचा आणि त्यावरच पात्रता परीक्षा द्यायची. प्रवेशाची ही पद्धत मला आपल्याकडच्या सगळ्या प्रवेशपरीक्षांपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण मुलाला पुढे जे करायचं आहे त्याचीच चाचणी होते. अमेरिकेकडे डोळे लावलेल्यांसाठी कॉलेज बोर्डाच्या, महाविद्यालयीन पातळीच्या एपी परीक्षा आहेत. एखादा विषय वर्गात बसून शिकल्याचा पुरावा त्या मागत नाहीत. मे महिन्यात केंद्रावर जायचं, पेपर द्यायचा, पाचपैकी गुण घ्यायचे. २०२१मध्ये सॅटच्या विषयवार परीक्षा बंद झाल्यापासून घरी शिकणाऱ्या मुलासाठी त्यांचं महत्त्व वाढलं. इथेही मोह आवरायला हवा. सहा-सात एपी गोळा करणारी मुलं दिसतात, पण ज्या विषयात खरंच खोल जायचं आहे, अशा दोन-तीन पुरेत.

प्रयोगशाळेचं मात्र उत्तर या मांडणीत नाही. एनआयओएसलाही शास्त्र विषयांची प्रात्यक्षिकं असतात, पण ती उरकली जातात इतकंच. टायट्रेशनचा हात व्हिडिओ बघून बसत नाही. रसायन किंवा जीवशास्त्रात पुढे जायचं असेल, तर घरी शिकण्याची वाट अकरावीला सोडून चांगली प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजात नाव घालणं हाच मला प्रामाणिक सल्ला वाटतो.

आणि भाषेच्या प्रश्नाचंही उत्तर या मांडणीत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला राज्यात अकरावी विज्ञानाला बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवलं जातं. घरी शिकणाऱ्याला निदान ही उडी दोन-तीन वर्षांत वाटून घेता येते. एनआयओएसची दहावी मराठीतून देता येते, म्हणजे दाखला मराठीत मिळतो. खोली मिळत नाही. एनपीटीईएलने काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरं केली, २०२१मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशाखा मराठीतून सुरू झाली. हे सगळं पदवीच्या पातळीवरचं. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला हातात धरून कॅल्क्युलसपर्यंत नेतील अशी मराठी व्याख्यानं आणि उदाहरणसंग्रह अजून फार थोडे आहेत.