लाल मुनियेचे दोन पोशाख

वसईच्या भुईगावकडच्या खाजणात श्रावण-भाद्रपदात गेलात, तर लव्हाळ्याच्या टोकावर लालभडक ठिपका झुलताना दिसेल. निरखून पाहावे तर चिमणीहूनही लहान पाखरू! अंगावर गुलाल उधळावा तसा रंग आणि त्यावर पांढऱ्या टिकल्या. हीच लाल मुनिया. एवढा नटतो तो नर. मादी मातकट, शेपटीच्या मुळाशी तेवढी लाली.

उन्हाळ्यात हा लाल पक्षी दिसेनासा होतो. मग तो दूरदेशी गेला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विणीचा हंगाम सरला, की नर आपला लाल पोशाख उतरवतो आणि मादीसारखाच मातकट दिसू लागतो. मुनियांच्या कुळात असा ऋतूप्रमाणे वेष पालटणारा पक्षी विरळाच.

पावसाळ्यात व त्यानंतर काही दिवस जोड्या आपापल्या संसारात असतात. दाट गवतात, जमिनीलगत, गवताचेच गोल घरटे आणि त्यात पाच-सहा पांढरी अंडी. संसार आटोपला, की थवे जमतात. गवताचे बी हे यांचे मुख्य खाणे. बी टिपताना बारीक आवाजात एकमेकांना सारखी साद चालू असते. चाहूल लागताच सगळी भुर्रकन उडतात. विसाव्याला मात्र अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांची पिसे साफ करतात. एका जोडीच्या डोळ्यांपेक्षा थव्याचे डोळे अधिक. शिक्रा लवकर दिसतो.

पण हाच एकोपा त्यांच्या जिवावर उठतो. जाळे टाकले, की थवाच्या थवा सापडतो. पूर्वी अहमदाबादेहून ही पाखरे परदेशी जात; त्यांच्या ‘अमंडवा’ या शास्त्रीय नावात ते शहर अजून आहे. बाजारात साध्या मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासूनही विकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज त्यांना पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. मुलांच्या हट्टाखातरही असा पिंजरा घरी आणू नये.

वसई-विरारकडे खाजणांवर भराव पडत चालला आहे. म्हणून शेताच्या बांधावरच्या गवताचे मोल वाढले. सगळे गवत एकदम जाळू नका; पावसाळ्यानंतर एखादा पट्टा पिले उडेपर्यंत तसाच ठेवा. उन्हाळ्यात मातकट पाखरांचा थवा दिसला, तर त्याला हुसकावण्यापूर्वी आठवा, श्रावणातला गुलाल त्यांच्यातच लपलेला आहे.