दरी एक, देश दोन, रुग्णालय एक

समजा, जानेवारीतली रात्र आहे. बाहेर गुडघाभर बर्फ साचले आहे. पिरेनीज पर्वतातल्या एका फ्रेंच खेड्यात एका बाईला कळा येऊ लागल्या आहेत. तिच्या देशातले मोठे रुग्णालय पेर्पिन्याँ या शहरात आहे, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर दूर. वाटेत १५०० मीटरहून उंच खिंड आणि पुढे वळणावळणाचा घाट. पण घराच्या खिडकीतून पाहिले, तर समोरच्या टेकडीवर एका गावाचे दिवे दिसतात. ते गाव चार-पाच किलोमीटरवर आहे आणि तिथे रुग्णालयही आहे. अडचण एकच. ते गाव स्पेनमध्ये आहे.

या बाईने कोठे जावे? चौथीतले मूलही याचे उत्तर देईल. पण ते उत्तर प्रत्यक्षात आणायला दोन देशांना बरीच वर्षे खपावे लागले. दरम्यान गणित, वैद्यक, कायदा आणि भाषा अशा सगळ्यांशी झटापट करावी लागली. ती कशी, ते या लेखात पाहू.

दरी दुभंगली कशी?

पिरेनीज पर्वतरांगेच्या पूर्व भागात सर्दान्या नावाची दरी आहे. चहूबाजूंनी उंच डोंगर आणि मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर पसरलेला रुंद, उन्हाळ प्रदेश. सेग्रे नदी या दरीतून वाहते. दरीतल्या लोकांची जुनी भाषाही एकच, कॅटलान. भूगोलाच्या दृष्टीने हा एकसंध प्रदेश आहे.

१६५९ साली फ्रान्स आणि स्पेन यांच्यात 'पिरेनीजचा तह' झाला. सीमा पर्वताच्या माथ्यावरून जावी असे ठरले खरे, पण इथे ती दरीच्या मधोमध उतरली. पुढच्या वर्षी गावांची वाटणी झाली आणि ३३ खेडी फ्रान्सकडे गेली. तहात 'खेडी' असा शब्द होता. ल्यिविया हे गाव दर्जाने 'नगर' असल्यामुळे ते वगळले गेले. म्हणून आजही ल्यिविया हा चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेला स्पेनचा तुकडा आहे. एका शब्दाने नकाशा कसा बदलतो, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

माणसे मात्र दोन्हीकडे ये-जा करत राहिली. सोयरिकी झाल्या, बाजार भरले. शाळा, पोस्ट आणि दवाखाने मात्र दोन वेगवेगळ्या राजधान्यांकडे तोंड करून उभे राहिले.

वर्तुळ आणि अर्धवर्तुळ

आता फळ्यावर एक आकृती काढू. एक बिंदू म्हणजे रुग्णालय. भोवती २० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. हे त्याचे सेवाक्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे १२५७ चौरस किलोमीटर येईल. डोंगराळ, विरळ वस्तीचा भाग आहे असे मानून दर चौरस किलोमीटरला २५ माणसे धरू. म्हणजे साधारण ३१,००० माणसांसाठी हे रुग्णालय आहे.

आता वर्तुळाच्या केंद्रातून एक सरळ रेषा काढा. ही देशाची सीमा. रुग्णालय सीमेला लागून आहे आणि पलीकडच्या माणसाला तिथे येता येत नाही. सेवाक्षेत्र निम्मे झाले, माणसेही निम्मी झाली. पुन्हा ३१,००० माणसे हवी असतील तर अर्धवर्तुळाची त्रिज्या वाढवावी लागेल. किती? अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ मूळ वर्तुळाएवढे व्हायचे असेल, तर त्रिज्या २ च्या वर्गमुळाइतक्या पटीने, म्हणजे १.४१ पट वाढते. २० किलोमीटरचे २८ किलोमीटर होतात. सीमा नागमोडी असेल आणि गाव तिच्या कोपऱ्यात सापडले असेल, तर वर्तुळाचा चतकोरच हाती येतो. मग त्रिज्या दुप्पट.

समुद्रकाठच्या गावालाही अर्धेच वर्तुळ मिळते. पण समुद्रात माणसे राहत नाहीत. सीमेपलीकडे राहतात. त्यांनाही त्यांच्या बाजूला अर्धेच वर्तुळ मिळालेले असते. म्हणजे दोन्ही बाजूंचे नकाशे पलीकडची जमीन समुद्रासारखी मोकळी धरतात आणि दोन्हीकडची माणसे दूर फेकली जातात.

एका खुर्चीसाठी पाच माणसे

पण रुग्णालयाला इतकी माणसे लागतातच कशाला? थोड्या लोकांसाठी लहानसे रुग्णालय का काढू नये?

भूलतज्ज्ञाचे उदाहरण घ्या. तातडीची शस्त्रक्रिया कधीही करावी लागते, म्हणून एक भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर हवा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो असे धरले, तर ४.२ माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरून पाच. म्हणजे एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला पाच तज्ज्ञ नेमावे लागतात. रुग्ण दिवसाला एक येवो की दहा येवोत, खर्च तोच.

दुसरा मुद्दा सरावाचा. शिवणकाम असो की शस्त्रक्रिया, हात चालता राहिला तरच कौशल्य टिकते. अवघड बाळंतपण वर्षातून एखाददुसरेच पाहणारी चमू ऐनवेळी गोंधळण्याची शक्यता अधिक. म्हणूनच फ्रान्सने १९९८ च्या नियमांत प्रसूतिगृहासाठी वर्षाला किमान ३०० बाळंतपणांची अट घातली. फार दुर्गम भागांना अपवाद ठेवला. दर हजार लोकांमागे वर्षाला १० जन्म धरले, तर ३०० बाळंतपणांसाठी ३०,००० लोकवस्ती लागते. आमच्या आकृतीतल्या अर्धवर्तुळात निम्मीच भरते.

सर्दान्या दरीची आणि लगतच्या फ्रेंच पठाराची कायम वस्ती मिळून तीस हजारांच्या आसपास आहे. प्रत्येक देशाने आपापला वाटा मोजला तर पूर्ण रुग्णालय परवडत नाही. एकत्र मोजला तर परवडते. सगळ्या प्रकरणाचे मूळ या साध्या बेरजेत आहे.

दोघांचे मिळून

बेरीज सोपी होती, पण रुग्णालय कोणाचे म्हणायचे? दोन देशांच्या मालकीची एकच संस्था कायद्यात बसत नव्हती. २००६ साली युरोपीय संघाने एक नवा कायदा केला. त्यानुसार शेजारच्या देशांतील शासनसंस्थांना मिळून एक संस्था स्थापता येऊ लागली. तिला स्वतःची कायदेशीर ओळख असते, ती नोकर नेमू शकते, इमारत बांधू शकते. सर्दान्याच्या रुग्णालयासाठी अशी संस्था २०१० मध्ये स्थापन झाली. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताचे सरकार आणि फ्रान्सचे आरोग्य प्रशासन तिचे भागीदार झाले.

सीमेला लागून असलेल्या पुच्सर्दा या स्पॅनिश गावात इमारत उभी राहिली. आपण सुरुवातीला टेकडीवर ज्याचे दिवे पाहिले, ते हेच गाव. खर्च सुमारे ३ कोटी १० लाख युरो. त्यातले १ कोटी ८६ लाख युरो युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीतून आले. उरलेल्या रकमेत कॅटलोनियाचा वाटा ६० टक्के आणि फ्रान्सचा ४० टक्के. सप्टेंबर २०१४ मध्ये रुग्णालय सुरू झाले.

चालवण्याच्या खर्चाचाही प्रश्न होता. फ्रान्समध्ये उपचारांचे पैसे आरोग्यविम्यातून मिळतात, तर स्पेनमध्ये सरकारी आरोग्यसेवा करांतून चालते आणि रुग्णाला दारात पैसे द्यावे लागत नाहीत. प्रत्येक पट्टीचा आणि प्रत्येक इंजेक्शनचा हिशेब दोन पद्धतींत मांडत बसण्याऐवजी वर्षाचा खर्चही ६० आणि ४० असा वाटून घ्यायचे ठरले.

जन्म, मृत्यू आणि औषधाची चिठ्ठी

इमारत झाली, पैसे मिळाले, तरी खऱ्या गाठी पुढेच होत्या.

पहिली गाठ जन्माची. आपली फ्रेंच बाई सुखरूप बाळंत झाली. पण बाळाचे जन्मस्थान स्पेन. नोंद स्पॅनिश दप्तरात. बाळ फ्रेंच आई-वडिलांचे असल्याने फ्रेंचच, पण फ्रान्सच्या दप्तरात त्याची नोंद व्हायची तर वकिलातीमार्फत वेगळे सोपस्कार करावे लागतात. चार किलोमीटरवर जन्मलेले मूल कागदोपत्री परदेशात जन्मलेले ठरते.

दुसरी गाठ मृत्यूची. एखादा म्हातारा फ्रेंच रुग्ण दगावला तर त्याचा देह घरी न्यायचा म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून मृतदेह नेणे आले. त्यासाठी विशेष परवाना आणि हवाबंद शवपेटी लागे. जिवंतपणी पाच मिनिटांत आलेल्या माणसाला मेल्यावर परतताना असा वळसा पडे. घरच्यांच्या दुःखात ही भर. अखेर २०१७ मध्ये दोन्ही देशांनी रस्त्याने मृतदेह नेण्याबाबत करार करून हे नियम सैल केले.

तिसरी गाठ औषधांची. आपल्याकडे ताप आला की आपण व्यापारी नावाने गोळी मागतो. फ्रान्समध्ये पॅरासिटामॉलची गोळी 'डोलीप्रान' म्हणून मागतात, तर स्पेनमध्ये 'हेलोकातिल' म्हणून. रेणू तोच, नावे दोन. म्हणून युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमांनुसार दुसऱ्या देशात वापरायच्या चिठ्ठीवर साधारणपणे औषधाचे मूळ, सर्वमान्य नाव लिहावे लागते. रसायनशास्त्रात पदार्थांना जगभर एकच नाव का असावे, असे मुले विचारतात. त्यांना हे उत्तर द्यावे.

चौथी गाठ माणसांची. युरोपीय संघात डॉक्टरची पदवी सगळीकडे मान्य होते, पण काम जिथे करायचे तिथल्या नियमांनुसार नोंदणी लागते. शिवाय 'कुठे दुखते?' हा प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारता आला पाहिजे. पुच्सर्दाच्या रुग्णालयात कॅटलान, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा तीन भाषा चालतात. घाबरलेला माणूस आपल्या आईच्या भाषेतच बोलतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

नवे न बांधता

प्रत्येक सीमेवर नवे रुग्णालय बांधायला हवे असे नाही. फ्रान्सच्या उत्तर सीमेवर झिवे हे गाव आहे. नकाशात पाहा, फ्रान्सची एक जीभ बेल्जियममध्ये शिरली आहे आणि तिच्या टोकाशी हे गाव. म्हणजे चतकोर वर्तुळाहूनही वाईट अवस्था. सुमारे २० किलोमीटरवर बेल्जियममधले दिनाँ हे शहर आहे आणि तिथे रुग्णालय आहे. फ्रान्स आणि बेल्जियम यांनी सीमेवर अशा भागांसाठी करार केले. ठरलेल्या पट्ट्यातला रहिवासी आपले विमापत्र दाखवून पलीकडच्या रुग्णालयात आधी परवानगी न घेता जाऊ शकतो. या भागात अशी व्यवस्था २००८ पासून आहे.

या बदलाला न्यायालयानेही हातभार लावला. लक्झेंबर्गच्या एका नागरिकाने शेजारच्या बेल्जियममध्ये चष्मा घेतला. दुसऱ्याला आपल्या मुलीच्या दातांवर जर्मनीत उपचार करून घ्यायचे होते. आधी परवानगी नाही म्हणून विमासंस्थेने एकाला पैसे नाकारले आणि दुसऱ्याला परवानगीच नाकारली. २८ एप्रिल १९९८ रोजी युरोपीय न्यायालयाने दोघांच्याही बाजूने निकाल दिला. चष्मा ही वस्तू आणि दंतोपचार ही सेवा. वस्तू आणि सेवा संघात मुक्तपणे फिरू शकतात, तर मग रुग्णाला का अडवता, असा त्याचा आशय. यातूनच पुढे २०११ मध्ये रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला.

परीक्षेचा काळ

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि या व्यवस्थेची दोन रूपे एकाच वेळी दिसली. जर्मनीने फ्रान्सलगतच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, अनेक लहान रस्ते बंद झाले. त्याच दिवसांत पूर्व फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत जागा उरली नव्हती. तेव्हा तिथले अत्यवस्थ रुग्ण जर्मनी, स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्ग येथील रुग्णालयांत हलवण्यात आले. रोज कामाला जाणारे लोक नाक्यावर अडत होते आणि श्वासयंत्रावरचे रुग्ण सीमा ओलांडत होते. जिथे डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या ओळखी आधीपासून होत्या, तिथे फोन फिरवणे सोपे गेले. संकटात कामी येणारे संबंध संकटाआधी जोडावे लागतात, एवढे तरी यातून शिकण्यासारखे आहे.

वर्गात करून पाहा

आपल्या जिल्ह्याचा नकाशा घ्या. मोठी रुग्णालये खुणेने दाखवा आणि प्रत्येकाभोवती ३० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. कोणती गावे एकाही वर्तुळात येत नाहीत? मग वर्तुळाऐवजी रस्त्याने लागणारा वेळ धरून हीच आकृती पुन्हा काढा. घाट आणि नदी आली की वर्तुळ कसे वेडेवाकडे होते ते मुलांना दिसेल.

जिल्हा राज्याच्या सीमेवर असेल तर काम आणखी रंगेल. सिंधुदुर्गातले रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात उपचारांसाठी जात आले आहेत. इथे देश एक आहे, सीमा राज्याची आहे. तरीही जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले, तेव्हा प्रश्न तोच उभा राहिला: रुग्ण शेजाऱ्याचा असेल तर खर्च कोणी सोसायचा? मुलांना दोन गट करायला सांगा. एक गट यजमान राज्याचा, दुसरा शेजाऱ्याचा. ६० आणि ४० असा वाटा त्यांना पटतो का? वाटा लोकसंख्येवर ठरवावा की येणाऱ्या रुग्णांच्या संख्येवर? दोन्ही बाजू मांडून झाल्या की भूमिका बदलायला सांगा.

आणि शेवटी त्यांना सुरुवातीची बर्फाळ रात्र पुन्हा आठवून द्या. वाटाघाटी कितीही लांबल्या, तरी कळा थांबत नाहीत.