सराव सकाळी सातलाच कशाला?

डिसेंबर उजाडला की शाळांमध्ये क्रीडामहोत्सवाची लगबग सुरू होते. लेझीम, कवायत, खो-खो, १०० मीटर धावणे. सराव बहुधा शाळा भरण्याआधी, सकाळी साडेसहा-सातला. जानेवारीत नाशिक-पुण्याकडे सूर्यच सातनंतर उगवतो. निफाडला तर कडाक्याच्या दिवसांत पारा एक अंकी असतो.

‘सकाळची हवा शुद्ध’ हे वाक्य हिवाळ्यात, शहरांत तरी, फारसे खरे नाही. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते. वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्याखाली कोंडून राहतो. ऊन तापले की झाकण सुटते. त्यामुळे सातपेक्षा साडेनऊ-दहाची हवा बहुतेक वेळा बरी. हवेचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो. तो २०० च्या वर, म्हणजे ‘वाईट’ गटात असेल, तर धावण्याऐवजी वर्गात योगासने घ्यावीत.

दुसरा मुद्दा श्वासाचा. नाकातून जाताना हवा गरम, ओलसर होते. जोरात धावणारे मूल तोंडाने श्वास घेते आणि गार, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते. त्या कोरड्या पडतात. दम्याची प्रवृत्ती असेल तर आकसतात. गंमत म्हणजे त्रास बऱ्याचदा धावताना नव्हे, तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो: खोकल्याची उबळ, छाती आवळल्यासारखी वाटणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज. बहुधा तासाभरात तो ओसरतोही. घरी पोहोचेपर्यंत मूल ठणठणीत. मग सरांना वाटते, ‘याला स्टॅमिना नाही’. आईवडिलांना वाटते, सरावाचा कंटाळा. दरवेळी धावल्यानंतरच खोकणारे मूल कामचुकार नसते. त्याला डॉक्टरांना दाखवायला हवे.

म्हणून मैदानच बंद करायचे का? मुळीच नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिवाळाही त्यात आलाच. बदलायची ती वेळ आणि सुरुवात. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असे सांगितले ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. सरावासाठी त्याच मुलांना सातला बोलावले तर त्यातून काय साधले?

मैदानावर आल्या आल्या शर्यत लावू नये. आधी १०-१५ मिनिटे चालणे, हलके पळणे, हातपाय मोकळे करणे; शेवटीही एकदम न थांबता वेग हळूहळू कमी करावा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, अंग तापले की एक काढता येतो. घामाने भिजलेला बनियन मात्र लगेच बदलावा. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने पाजावे. आणि उपाशीपोटी सराव नको. निदान केळे किंवा तिळाचा लाडू पोटात असावा.

दमा असलेल्या मुलांबाबत पालक एक गोष्ट लपवतात: पंप. ‘त्याची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. डॉक्टरांनी खेळाआधी पंप घ्यायला सांगितला असेल, तर तो १०-१५ मिनिटे आधी घ्यायचा असतो. क्रीडाशिक्षकांना हे ठाऊक हवे. आणि तो पंप ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नको. मैदानाच्या कडेला, मुलाच्या दप्तरात, हाताशी हवा.