प्रोजेक्ट घराबाहेर नेताय? आधी कनेक्टर निवडा

टेबलावर उत्तम चालणारे सर्किट गच्चीवर किंवा शेतात नेले की अडखळू लागते. अनेकदा दोष कोडचा नसतो, जोडणीचा असतो. साध्या जंपर वायरीला ना लॉक, ना ओलाव्यापासून संरक्षण.

मजबूत कनेक्टर निवडताना चार गोष्टी बघाव्यात: करंट, व्होल्टेज, हादरे आणि पाणी.

जीएक्स-१६ हौशी मंडळींचा आवडता. धातूची बॉडी, आटे असलेली रिंग, पॅनेलला १६ मिमीचे भोक. ओढ बसली तरी सुटत नाही. मात्र साधा जीएक्स-१६ जलरोधक नसतो. ओल्या जागी कारखान्यांतल्या सेन्सरसाठी वापरला जाणारा एम-१२ बरा. त्याची बरीच मॉडेल्स आयपी-६७ दर्जाची असतात. इथे ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकाव. हा दर्जा कनेक्टर पूर्ण जोडलेला असतानाच लागू होतो. मोकळ्या सॉकेटवर टोपी हवीच.

ट्रक-ट्रॅक्टरवर दिसणाऱ्या डॉइश डीटीमध्ये प्रत्येक वायरीला रबरी सील असते आणि १६ नंबरची पिन १३ अँपिअर वाहते. ड्रोनच्या बॅटरीचा एक्सटी-६० त्याहून जास्त करंट पेलतो, पण त्याला लॉक नाही.

हादऱ्यांच्या जागी योग्य पकडीने केलेले क्रिंपिंग सोल्डरपेक्षा भरवशाचे, कारण सोल्डर शोषलेली वायर कडक होऊन कडेला तुटते. आणि वीज येते त्या बाजूला नेहमी सॉकेट लावावे, उघडी पिन नको. नाहीतर सुटलेली पिन धातूला टेकून शॉर्ट होते.