दुधी चिरण्याआधी एक फोड चाखा

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या खालाजान साठी ओलांडलेल्या, त्यात शुगरचा त्रास. कोणीतरी त्यांना सांगितले की, रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या दुधीचा रस घेतला की शुगर मुळापासून जाते. झाले! फजरची नमाज आटोपली की एक पेला रस ठरलेला. महिनाभर काही झाले नाही. एक दिवस मात्र रस कडूजहर निघाला. सून म्हणाली, "अम्मी, फेकून देते." खालाजान म्हणाल्या, "अगं, कारलेसुद्धा कडूच असते ना? कडू तेच औषध. शिवाय अल्लाहने दिलेले रिज्क फेकायचे नसते." आणि डोळे मिटून त्यांनी तो पेला संपवला.

अर्धा तास झाला नसेल, पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, जुलाब. उलटीत रक्त दिसले तेव्हा घरात रडारड झाली. हातपाय थंडगार पडले होते. चांदवडला पहिला उपचार करून त्यांना नाशिकला हलवले. आम्ही सगळे रात्रीच्या शिळ्या सालनावर संशय घेत होतो. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले तेव्हा नातीने रसाचे सांगितले. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न एकच होता : "रस कडू होता का?"

चार दिवस सलाईनवर राहून खालाजान घरी आल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण आम्ही घरात शिकलेसवरलेले लोक, वर्गात मुलांना विज्ञान शिकवणारे. तरी हे आम्हाला ठाऊक नव्हते, याची खंत वाटते. म्हणून हा लेख.

मुळात दुधी ही मोठी नेमत आहे, हे आधी सांगितले पाहिजे. सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांची एक हदीस आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले. जवाची भाकरी, सुकवलेले गोश्त आणि दुधी घातलेला रस्सा असा साधा बेत होता. प्रेषित (स.) भांड्याच्या कडेकडेने दुधीच्या फोडी शोधून खात होते. ते पाहिल्यापासून हजरत अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. सूरह साफ्फातमध्ये हजरत यूनुस (अलै.) यांच्यावर अल्लाहने जो वेल उगवला, तोही बहुतेक भाष्यकारांनी याच जातीचा सांगितला आहे. ज्या भाजीला ताटात बघून आमची मुले नाक मुरडतात, तिचा मान एवढा मोठा आहे.

गुणांच्या बाबतीतही दुधी मागे नाही. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. १०० ग्रॅम कच्च्या दुधीत कॅलरी असतात जेमतेम १५ च्या आसपास. थोडे तंतू, थोडे पोटॅशियम, तेल जवळजवळ नाहीच. म्हणून पोटभर खाल्ला तरी जड होत नाही. आजारातून उठलेल्यांना, म्हाताऱ्यांना, वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्यांना तो सोसतो. शुगरवाल्यांनी भाजी म्हणून जरूर खावा. पण दुधी हे शुगरचे औषध नव्हे, डॉक्टरांच्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नयेत. आणि खवा-साखर घातलेला दुधी हलवा ही मिठाईच, तिला पथ्य म्हणू नये!

बाजारात दुधी घेताना फिकट हिरवा, तुकतुकीत, कोवळी लव असलेला घ्यावा. साल नखाला सहज लागली पाहिजे. जून दुधीच्या बिया टणक आणि गर कापसासारखा होतो.

आमच्याकडे शादीब्याहात दालचा होतो, त्याचा जीव दुधीतच आहे. हरभरा डाळ आणि मटण वेगवेगळे शिजवून एकत्र करावे, दुधीच्या मोठ्या फोडी टाकाव्यात, त्या मऊ झाल्या की चिंचेचा कोळ घालून वरून जिरे, लाल मिरची, कढीपत्त्याचा बघार द्यावा. चिंच आधी घातली तर फोडी लवकर शिजत नाहीत. उन्हाळ्यात रायता करावा : दुधी किसून वाफवून घ्यावा, गार झाल्यावर फेटलेल्या दह्यात मिसळून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. सालही वाया घालवू नये. धुऊन बारीक चिरलेली साल थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, हिरवी मिरची, मीठ घातले की भाकरीबरोबर झकास चटणी होते.

आता त्या कडूपणाविषयी. दुधी, दोडका, काकडी, भोपळा यांच्या कुळात 'कुकुरबिटासिन' नावाची कडू द्रव्ये असतात. किड्यांपासून आणि जनावरांपासून बचावासाठी वेल ती तयार करतो. गोड वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य असते. पण कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला की ते वाढू शकते. आपल्या चांदवड भागात चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, तेव्हा तर जास्तच जपावे. बाहेरून मात्र कडू आणि गोड दुधी सारखाच दिसतो.

देशात अशा रसाने काही मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला सोपा आहे : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर वापरू नका, दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका, कारण कारल्याच्या रसात दुधीचा कडूपणा लपून जातो, पिल्यावर अस्वस्थ वाटले तर ताबडतोब दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही, वेळेवर सलाईन आणि देखरेख हाच उपचार. शिजवल्याने हे विष जाते असेही समजू नये. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची शिजवलेली भाजी खाऊन एक वृद्ध दगावले. झुकिनी दुधीच्याच कुळातली.

राहता राहिला खालाजानचा प्रश्न : रिज्क फेकायचे कसे? त्यांची भावना खरी आहे. इसराफ गुनाह आहे, भाकरीचा तुकडासुद्धा आपण उचलून ठेवतो. पण हा जीवही अल्लाहने सोपवलेली अमानतच आहे. जे खाऊन जिवावर बेतते, ते टाकून देण्यात नाशुक्री नाही. कडू दुधी बकरीपुढेही टाकू नका, सरळ खताच्या खड्ड्यात पुरा.

आमच्या घरी आता रिवाजच झाला आहे. दुधी चिरायला घेतला की पहिली चकती खालाजानच्या हातात जाते. त्या बिस्मिल्लाह म्हणून जिभेच्या टोकाला लावतात, आणि "गोड आहे गं" म्हणाल्या की मगच सून पातेले चुलीवर चढवते. आपल्याही घरी हा रिवाज सुरू व्हावा, एवढीच दुआ.