गळ्याला सूज का येते?

काही माणसांच्या गळ्याला पुढून फुगवटा दिसतो. त्याला गलगंड म्हणतात. कोणी म्हणतं पाणी बाधलं, कोणी म्हणतं नजर लागली. मग लेप लावतात, काळा दोरा बांधतात. पण ती असते वाढलेली थायरॉइड ग्रंथी. घोट गिळला की ती वर सरकते. डॉक्टर पेशंटला पाणी प्यायला देतात ते यासाठी, तहान लागली म्हणून नव्हे!

ही ग्रंथी आयोडिन वापरून एक रस तयार करते. शरीराचं काम किती वेगानं चालायचं ते या रसावर ठरतं. रस कमी पडला की माणूस सुस्त होतो, थंडी फार वाजते, शौचाला साफ होत नाही, केस गळतात. घरचे मात्र म्हणतात, "आळशी झाली!"

मग मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी ग्रंथी मुकादमासारखा हुकूम सोडते, "काम वाढव!" त्या हुकुमाचं नाव टीएसएच. हुकूम वाढत गेला की थायरॉइड फुगते. रक्तात टीएसएच जास्त व टी-४ कमी निघालं, म्हणजे ग्रंथी मंद आहे. का मंद आहे, ते मात्र अजून शोधायचं असतं.

गावात पुष्कळांना गलगंड असेल तर आधी आयोडिनवर संशय घ्यावा. पाऊस व पूर डोंगराळ जमिनीतलं आयोडिन धुऊन नेतात. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडिनचं मीठ व एका भागाला साधं मीठ दिलं. आयोडिनच्या भागांत गलगंड बराच कमी झाला. पुढे १९६२ मध्ये देशभराची गलगंड नियंत्रण योजना निघाली.

पण घरात आयोडिनचं मीठ असूनही एखादीलाच गलगंड झाला तर? तेव्हा बरेचदा शरीराची स्वतःचीच फौज थायरॉइडवर चालून गेलेली असते. जपानच्या डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये हा आजार सांगितला. तो बायकांत जास्त आढळतो. रक्तातल्या अँटिबॉडी तपासून तो ओळखतात. इथे मीठ वाढवून उपयोग नाही, जादा आयोडिननं उलट त्रास होऊ शकतो. घरात आणखी कोणाला आहे का, लिथियमसारखं औषध चालू आहे का, हेही डॉक्टर विचारतात. गाठ एकाच बाजूला असेल तर सोनोग्राफी करतात.

गरोदर बाईनं तर तपासणी लांबवूच नये. सुरुवातीचे महिने पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्याच रसावर वाढतो.

ग्रंथी फार मंद असेल तर रसाचीच गोळी देतात. ती सकाळी अनशापोटी घ्यायची. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघून डॉक्टर गोळी कमीजास्त करतात.